काय म्हणालात?

टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या स्पीकरमधून कुणीतरी हसलं आणि राजेश्वरीच्या हातातलं पेन थांबलं. हसू बाईचं होतं. मोकळं, बेसावध, नाकात सुरू होऊन घशात फुटणारं. त्याच्या मागोमाग एक पुरुषी हसू आलं, ते अहमदाबादच्या खरेदीदाराचं. बारामतीच्या एमआयडीसीतल्या त्या लांबट खोलीत मात्र कुणीच हसत नव्हतं. तिचे वरिष्ठ विजयसिंह सर वाक्याच्या मध्यावर अडकले होते आणि पुढचा शब्द तोंडात धरून स्पीकरकडे बघत होते. अविराजनं मान वाकडी करून त्याच्या कडेचा दिवा पाहिला, नवीन यंत्र पहिल्याच महिन्यात बिघडलं की काय म्हणून. त्या दोघांना काही कळायच्या आत राजेश्वरीला कळलं, की ही माणसं आपल्या बोलण्याला हसतायत. तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. कारण आपण बोललो, असं तिला वाटतच नव्हतं. ती फक्त पुटपुटली होती, तेही कागदाकडे बघून, देवापुढून जाताना ओठ हलतात तसं.

झालं होतं ते असं. कंपनी डाळिंबं घ्यायची, दाणे सोलायची, गोठवायची आणि पाकिटांत भरून आइस्क्रीमवाल्यांना, ज्यूसवाल्यांना पाठवायची. मागच्या गाडीतले दाणे कोचीला पोचले ते एकमेकांना चिकटून, विटेसारखे. कोचीच्या लीना कुरियन मॅडम त्याबद्दल विचारत होत्या आणि विजयसिंह सर उत्तर देत होते. सरांचं उत्तर सुरू झालं की त्याला थांबा नसायचा. ते तापमानावरून आर्द्रतेवर गेले, आर्द्रतेवरून गाडीच्या दारावर, तिथून ड्रायव्हरच्या जेवणावर आले, आणि त्यांनी जरा श्वास घेतला तेवढ्यात राजेश्वरीच्या तोंडून, मीटिंग हिंदीत चालली होती म्हणून हिंदीतच, निघून गेलं होतं, "सर, बारामती के दाने हैं. कोऑपरेटिव्ह में पले हैं, अकेले कैसे रहेंगे?"

दुधाला सोसायटी, उसाला सोसायटी, पाण्याला सोसायटी. इतकी वर्षं या भागातून माल घेणाऱ्या लीना मॅडमना ते वेगळं समजावून सांगायला नको होतं. त्यांचं हसू आवरलं तेव्हा त्यांनी विचारलं, "कोण बोललं?" खोलीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आणि मग कुणी सांगायच्या आधीच स्पीकर म्हणाला, "राजेश्वरी? ही राजेश्वरीच. आवाज ओळखला नाही मी. पण असलं बोलणारी तिथं दुसरी आहे कोण?"

राजेश्वरीनं नुसती मान हलवली. मान हललेली कोचीला दिसणार नव्हती, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

दोन वर्षांपूर्वी तिच्या गळ्यात गाठ निघाली. थायरॉईडची. साधी निघाली, देवाच्या कृपेनं, सगळे तसंच म्हणाले आणि तेही खरंच होतं. पुण्याला ऑपरेशन झालं, गाठ गेली, टाके सुकले. आवाजाच्या शिरेला थोडा धक्का बसलाय, डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. हळूहळू जे आलं ते वेगळंच काहीतरी होतं. उसाच्या वाळल्या पाचटावरून कुणी पाय ओढत चालावं तसा आवाज. त्याला उंची नव्हती, त्यानं हाक मारता येत नव्हती, कुकरची शिट्टी त्याला सहज हरवायची. आवाज शिकवणाऱ्या बाईंनी नळीतून पाण्यात फुंकत स्वर काढायला सांगितलं. न्हाणीघराचं दार लावून ती पेल्यात बुडबुडे काढायची आणि आरशात आपले फुगलेले गाल बघून तिला हसू यायचं. पण हसूही आता आवाजाशिवाय यायचं, नुसते खांदे हलायचे. तरी तिनं मनाला समजावलं होतं. आवाजाचं एक वेळ चालतं. जगात घोगरी माणसं काय कमी आहेत? तिचं गेलं ते दुसरंच. विनोद करायचा तर तो नेमक्या जागी पडावा लागतो, कॅरमच्या सोंगटीसारखा. तिनं काही म्हटलं की समोरचा पुढं वाकून, फार आपुलकीनं विचारायचा, "काय म्हणालात?" आणि दुसऱ्यांदा सांगितलेला विनोद म्हणजे दुसऱ्यांदा उकळलेला चहा. घरात तर त्याहून प्रेम. ती तोंड उघडतेय असं दिसलं की तिचे यजमान ज्ञानेश धावत जाऊन टीव्हीचा आवाज बंद करायचे, पंखा बंद करायचे, लेकीला, पूर्वीला, गप्प करायचे, आणि मग त्या मोठ्या, स्वच्छ शांततेत राजेश्वरी म्हणायची, "काही नाही, मीठ द्या."

एके काळी तिच्याशिवाय खरेदीदारांचे फोन व्हायचे नाहीत. गाडी उशिरा पोचायची, रंग फिका निघायचा, एखादं खोकं फुटायचं. माणसं चिडून फोन करायची आणि राजेश्वरी त्यांना बोलू द्यायची, बोलू द्यायची, आणि मग एखादं वाक्य असं ठेवायची की पलीकडे आधी शांतता आणि मग फुस्सकन हवा निघाल्यासारखं हसू. तेवढं झालं की उरलेलं काम सोपं असायचं. ऑपरेशननंतर जुन्या फोनच्या त्या खरखरीत स्पीकरवर, जिथं सगळेच ओरडून बोलायचे, तिचा आवाज जायचाच नाही. पहिल्या दोन मीटिंगांत ती बोलत असतानाच पलीकडून "हॅलो? लाइन कट गई क्या?" असं आलं, आणि तिसऱ्या वेळी तिनं ते काम आपण होऊन अविराजकडे दिलं. चांगला पोरगा, लासुर्ण्याचा, तिच्याच हाताखाली शिकलेला. ती त्याच्या मागं खुर्ची घेऊन मुद्दे लिहून घ्यायला लागली. आता तर पुढच्या महिन्यापासून शीतगृहाच्या साठ्याचं काम द्या, असा अर्जही तिनं तोंडी टाकला होता. तिथं बोलायला कुणी नसतं. उणे वीस अंशात माणूस गप्पच बसतो.

मीटिंग संपल्यावर अविराज स्पीकरची वायर गुंडाळत होता. चपटा, काळा, भाकरीएवढा डबा. त्यानं तो हातावर तोलला. "ताई, ह्याला चारी बाजूंनी माइक आहेत. सरांनी एवढ्यासाठीच आणला, लांब बसलेल्याचं पण ऐकू जातं." मग जरा थांबून म्हणाला, "दोन वर्षांत माझ्या एकाही फोनवर त्या बाई हसल्या नाहीत. मला वाटायचं त्यांचा स्वभावच तसला आहे."

विजयसिंह सरांचं हसू मात्र त्यांच्या उत्तरासारखंच सावकाश आलं. ते तिला जिन्याशी गाठून म्हणाले, "कोऑपरेटिव्ह में पले हैं! अहो, आत्ता कळलं मला." आणि जिन्याचा कठडा धरून ते इतका वेळ हसले की खालचा शिपाई वर बघायला आला. मग गंभीर होऊन म्हणाले, "बुधवारी इंदापूरला बागायतदारांची बैठक आहे. कोचीला फळ आणखी पिकलेलं पाहिजे, आपली माणसं तयार नाहीत. लीना मॅडमना त्यांच्याशी थेट बोलायचंय फोनवरून. ती बैठक तुम्ही चालवा."

"सर, माझा आवाज..."

"डबा आहे की."

"डबा कोचीसाठी. समोर बसलेल्या माणसांचं काय?"

सरांनी कठड्यावरचा हात काढला. ते फक्त म्हणाले, "यंदाचा माल त्यांना पटला नाही तर त्या नाशिककडून घेतील. मला समजावता येत नाही, राजेश्वरी. मी समजावायला लागलो की माणसं घड्याळ बघतात."

मंगळवारी संध्याकाळी ती स्पीकर घरी घेऊन आली. ज्ञानेशनी तो जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवला आणि पुण्याला वसतिगृहात असलेल्या पूर्वीला फोन लावला. राजेश्वरी मुद्दाम लांब, ओट्यापाशी उभी राहिली. कणीक मळत, नेहमीच्याच आवाजात तिनं विचारलं, "जेवलीस का गं?"   पूर्वी म्हणाली, "आई, तू माझ्या उशीवर बसून बोलल्यासारखं वाटतंय." तिचा आवाज जरा ओला होता. "फोनवर तू नेहमी ओरडायचा प्रयत्न करतेस ना, मला ते ऐकवत नाही. असं बोल." मग त्या दोघी मेसच्या आमटीविषयी, खोलीतल्या मुलीच्या घोरण्याविषयी आणि आत्याच्या नव्या सुनेविषयी बोलत राहिल्या. राजेश्वरीनं आत्या जशी नाक वर करून बोलते तसं बोलून दाखवलं. घोगऱ्या आवाजात आत्या जास्तच आत्या झाली. ज्ञानेश चटणीचा चमचा हातात धरून हसत होते आणि त्या सगळ्या वेळात पंखा चालू होता, बाहेर टीव्ही चालू होता, कुणाला काही बंद करायची आठवण झाली नाही. पोळ्या लाटताना राजेश्वरीला वाटलं, इतके दिवस मी माझा जुना आवाज खोलीत फेकायला बघत होते. तो पोचत नाही म्हणून रडत होते. हा नवा आवाज फेकायचा नाहीच आहे. हा जवळ ठेवायचा आहे. पण हा विचार तव्याजवळ खरा वाटला तरी इंदापूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये खरा ठरेल याची तिला खात्री नव्हती, आणि रात्री स्वप्नातही ती ओरडून बोलत होती आणि कुणाला ऐकू येत नव्हतं.

बुधवारी सकाळी कंपनीच्या गाडीतून ती आणि अविराज निघाले. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या होत्या, एकामागं एक, ओव्हरटेक करावं तर पुढं आणखी एक. लासुर्णे आलं तेव्हा अविराजनं सवयीनं घराच्या दिशेनं पाहिलं. निमगाव केतकीच्या अलीकडे डाळिंबाच्या बागा लागल्या, ऊन लागू नये म्हणून झाडांवर पांढरी कापडं पांघरलेल्या. राजेश्वरी ओठ मिटून गळ्यातल्या गळ्यात स्वर धरून बसली होती. तो थरथरायचा, तुटायचा, पुन्हा लागायचा. अविराजनं गाडीतली गाणी बंद केली नाहीत, आणि त्याबद्दल तिला त्याचे उपकार वाटले.

इंदापूरच्या अलीकडची ती शेड बागायतदारांनी मिळून बांधलेली. एका बाजूला क्रेट रचलेले, वर पत्रा, कोपऱ्यात घरघरणारा मोठा उभा पंखा. दहा-बारा जण आले होते. पुढं आप्पासाहेब, गटाचे प्रमुख, पांढरा कडक शर्ट, तीस वर्षं सभा गाजवलेला गळा. आणि बायकांत एकट्याच प्रयागबाई, साठीच्या, पदर खोचलेला, स्वतःची बाग स्वतः बघणाऱ्या. अविराजनं क्रेट उलटा घालून त्यावर स्पीकर ठेवला. प्रयागबाईंनी तो बोटानं टोकरून पाहिला. "ह्यात ती कोचीची बाई हाय व्हय?"

"तिचा आवाज आहे, मावशी."

"आन् आपला तिकडं जातुय?"

"जातो."

"मग नीट बसा रं समदी," प्रयागबाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःचा पदर सारखा केला.

फोन लागला आणि पहिल्या मिनिटातच गोंधळ झाला. आप्पासाहेब स्पीकरवर ओणवे होऊन, कोची इथून किती लांब आहे त्या हिशेबानं ओरडले, "मॅडम, नमस्कार! आमी इंदापूरवरनं बोलतुय!" पलीकडून "सर, प्लीज, थोडा धीरे" असं आलं. मग सगळेच एकदम बोलायला लागले. फळ झाडावर जास्त ठेवलं तर तडकतं, तडकलं तर कोण घेणार, मागच्या बहाराला काय झालं, पाऊस कधी पडला. हिंदी, मराठी, कुणाचं तरी इंग्रजी. राजेश्वरी म्हणाली, "एक मिनिट." कुणी ऐकलं नाही. ती उभी राहून म्हणाली, "एकेकानं बोला." पंख्यानं ते शब्द उचलून क्रेटांच्या मागं टाकले. तिनं जोर लावला आणि आवाज फाटला, नुसती हवा निघाली. पुढच्या ओळीतल्या एकानं अदबीनं कानाला हात लावून विचारलं, "काय म्हणालात ताई?"  शीतगृह. उणे वीस. जाड कोट घालून पाकिटं मोजायची, कुणाशी बोलायचं नाही. तिनं अविराजकडे पाहिलं. तो उठायच्या बेतात होता. ती मटकन खाली बसली, स्पीकरच्या अगदी जवळ, आणि थकून, कुणासाठी म्हणून नाही, म्हणाली, "लीना मॅडम, इथं सगळे एकदम बोलतायत. थोडं थांबाल का?"

"राजेश्वरी, तुझं एकटीचंच मला कळतंय," स्पीकर म्हणाला. "बाकी सगळा बाजार आहे. मी फक्त तुझं ऐकते. तू सांग."

लीना मॅडमचं ते हिंदी शेडमधल्या सगळ्यांना कळलं. आप्पासाहेब तोंड उघडं ठेवून थांबले. प्रयागबाई मागं वळून म्हणाल्या, "ऐकलं का? बाजार म्हनली आपल्याला. आता जरा गप बसा. ही बाई सांगल तिला काय ते." आणि मग एक मजेची गोष्ट झाली. राजेश्वरी काय सांगतेय हे ऐकायचं असेल तर जवळ येण्यावाचून इलाज नव्हता. खुर्च्या सरकल्या. कुणी क्रेट ओढून बसलं. आप्पासाहेबही गुडघे धरत एका पोत्यावर टेकले. शेकोटीभोवती बसावीत तशी दहा-बारा माणसं त्या काळ्या डब्याभोवती बसली, आणि राजेश्वरीनं एकेकाचं म्हणणं तिकडं द्यायला आणि तिकडचं इकडं द्यायला सुरुवात केली, न ओरडता, जसा होता तसाच आवाज घेऊन. लीना मॅडमना फळ झाडावर आणखी पिकायला हवं होतं, दाण्याला गडद रंग यावा म्हणून. बागायतदारांना भीती तडकण्याची. दोघांचंही खरं होतं.

"पण तडकतं कशानं?" लीना मॅडमनी विचारलं. राजेश्वरीनं ते मराठीत पुढं ठेवलं.

आप्पासाहेब घसा खाकरून काही मोठं सांगणार, तोच प्रयागबाई म्हणाल्या, "नवऱ्यासारखं हाय ते. येळंला पानी न्हाय मिळालं की तडकतंय. आन् मग येकदम घागरभर दिलं, तरी तडकतंय."

शेडमध्ये हशा उसळला. आप्पासाहेब सगळ्यात जोरात हसले. पलीकडून लीना मॅडम विचारत होत्या, "काय झालं? काय म्हणाल्या त्या?" आणि सगळ्यांच्या नजरा राजेश्वरीकडे वळल्या. तिच्या हातात आता दुसऱ्या कुणाचा तरी ताजा, गरम विनोद होता आणि तो थंड न होऊ देता कोचीपर्यंत न्यायचा होता.  घाई केली तर सांडेल, उशीर केला तर निवेल. तिनं आधी सगळं सरळ सांगितलं, एखाद्या शास्त्रज्ञासारखं. मॅडम, प्रयागबाईंचा अनुभव असा आहे की हे फळ पाण्याच्या वेळेला फार नाजूक असतं. वेळेवर पाणी मिळालं नाही तर तडकतं. उशिरानं एकदम भरपूर दिलं तरी तडकतं. लीना मॅडम "ओके, ओके" करत होत्या, बहुतेक लिहून घेत होत्या. राजेश्वरी थांबली. शेडमधली माणसंही थांबली. त्या थांबण्याची चव तिच्या जिभेला दोन वर्षांनी लागली, पहिल्या दाण्यासारखी. मग ती हळूच म्हणाली, "बिलकुल हजबंड की तरह."

 मग स्पीकर असा हसला की क्रेटवर तो थरथरला. लीना मॅडमच्या मागं आणखी कुणी कुणी हसत होतं, म्हणजे त्यांच्या खोलीतही माणसं होती. आणि ते हसू ऐकून शेड दुसऱ्यांदा हसली, त्याच विनोदाला. फक्त प्रयागबाई हसत नव्हत्या. त्या डोळे मोठे करून डब्याकडे बघत होत्या. "हासली? मला हासली का माझ्या बोलन्याला?"

"तुमच्या बोलण्याला, मावशी."

"तिकडं बी नवरं असलीच असत्यात म्हन की," प्रयागबाई म्हणाल्या, आणि मग त्यांचं हसू सुटलं ते त्यांना आवरेना.

त्यानंतरचं सोपं होतं. प्रयागबाईंनीच विचारायला लावलं, की बाई, तू कधी झाडावरचं डाळिंब तोडून खाल्लंयस का? लीना मॅडम म्हणाल्या, नाही, आजपर्यंत फक्त पाकिटातलं. "मग ये की. काय पायजे ते झाडाखाली हुबं ऱ्हाऊन सांग." लीना मॅडम येते म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजावरून त्या खरंच येतील असं वाटलं. या बहाराला प्रत्येकानं बागेतल्या चार ओळी जास्त पिकू द्यायच्या, पाण्याची वेळ सांभाळायची, आणि तडकलेलं फळही कंपनीनं रसासाठी घ्यायचं, असं ठरलं. हे तडकलेल्या फळाचं राजेश्वरीनं सुचवलं आणि लीना मॅडमनी लगेच मान्य केलं. शेवटी त्यांनी विचारलं, "पुढच्या महिन्यात फोनवर कोण असेल, अविराज की तू?"

अविराजनं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर इतकी उघड आशा होती की तिला हसू आलं, खांदे हलवणारं.

"मी," राजेश्वरी म्हणाली. "अविराज शेजारी असेल. त्याला जरा बिघडवायचंय."

फोन बंद झाला. अविराजनं स्पीकर पिशवीत घालून चेन ओढली. कुणीतरी चहा आणला. गाडी निघायला हवी होती, पण लोक उठत नव्हते. खुर्च्या जशा ओढल्या होत्या तशाच जवळ राहिल्या होत्या. आप्पासाहेब बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "ताई, मघाशी हे पोरगं सांगत हुतं, तुमी कोचीच्या बाईला बारामतीच्या दान्यांचं कायतरी म्हनला. काय ते? आमाला न्हाय सांगितलं तुमी."

"त्यात काही नाही, आप्पासाहेब. सांगून शिळं झालं."

"मग दुसरं सांगा. ताजं," प्रयागबाई म्हणाल्या. त्यांनी पंख्याजवळच्या माणसाला खूण केली. पंखा घरघरत, रेंगाळत थांबला. बाहेरून एक ट्रॅक्टर गेला आणि त्याचा आवाज लांब जाईपर्यंत सगळे थांबले. पत्र्यावर ऊन तापल्याचा बारीक आवाज येत होता. बारा चेहरे पुढं झुकलेले होते, चहाच्या कपांवरून, आणि त्यातल्या एकाच्याही डोळ्यांत कीव नव्हती. होती ती नुसती हाव, मुलांना गोष्टीची असते तशी. राजेश्वरीनं घसा खाकरला नाही. कप खाली ठेवला, सगळ्यांकडे एकदा पाहिलं, त्यांना हवं होतं त्यापेक्षा किंचित जास्त वेळ वाट बघायला लावली, आणि म्हणाली,

"आमच्या विजयसिंह सरांना एकदा रस्त्यात कुणीतरी विचारलं, पुण्याची एसटी कुठून सुटते..."